पहिल्या फेट्याचा खुलासा

मु. पो. कडेगाव, जि. सांगली

आदरणीय व्याही धनाजीराव यांस,

नाथाजीचा हात जोडून रामराम. आपल्याकडे कोयनानगरला सर्वांच्या प्रकृती उत्तम असतील, विहीणबाईंच्या गुडघ्यास उतार पडला असेल आणि परवाच्या भूकंपाच्या धक्क्याने मांडणीवरच्या भांड्यांखेरीज काही हलले नसेल, अशी आशा आहे. (पत्र शुद्ध भाषेत लिवायचं ठरवलं हुतं, पर एवढ्यातच दम लागला. आता बोलतो तसंच लिवतो.)

एका माणसाची तब्येत मात्र मुद्दाम इचारतो. तुमचे थोरले आबा नीट जेवत्यात का? साखरपुड्याला आमच्या दारातनं उपाशी गेले, आन "लग्नाला माझं पाऊल पडायचं न्हाई" म्हणाले. तवापासनं आमच्या पल्लवीच्या घशाखाली घास उतरंना. आबांच्या अक्षता पडल्याबिगर शिवतेजरावांच्या गळ्यात हार घालणार न्हाई म्हणती. लग्नाला अकरा दिस राहिल्यात, म्हणून हा खुलासा.

मानपानात चूक हुऊ नये म्हणून तुमी काय झकास काम केलं हुतं! चौसष्ट पाव्हण्यांचे फोटो, परत्येक फाईलीला मराठीत नाव, नातं आन मानाचा नंबर, आन सगळ्यांची मिळून एक झिप फाईल. (अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पर अशी शिस्तीची यादी बघितली न्हाई.) ते बोचकं जावईबापूंच्या लॅपटॉपवर बांधलं आन आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी सोडलं. फोटो सगळे ठणठणीत. पर नावाच्या जागी आधी माशासारखं दिसणारं एक अक्षर, मग टोपी घातलेला इंग्रजी एन, पुन्हा मासा, पुन्हा टोपी. चौसष्टच्या चौसष्ट पाव्हणे मासळीबाजारात जाऊन बसलेले.

आता सरळ तुमाला फोन लावायचा. मनुबाईनं (म्हंजे आमच्या मंडळीनं) तेच सांगितलं. पर मी पडलो मुलीचा बाप. मुलाकडनं आलेलं बोचकं आमाला सोडता येईना, हे घाटापल्याड कळलं तर काय इज्जत ऱ्हायली? मी चौदा मराठी फॉन्ट बसवले, मासे तसेच. फाईल पुसून पुन्हा सोडली, तेच मासे. कॉम्प्युटर बंद केला, उदबत्ती लावून चालू केला, तरी एक मासा जागचा हलला न्हाई. मग मी नावांचा नाद सोडला आन चेहऱ्यावरनं मान ठरवायला बसलो. पलटणीत माणूस उभा कसा ऱ्हातो ह्यावरनं मी त्याचा हुद्दा सांगायचो. एका फोटोत जीपजवळ छाती काढून उभा, भरघोस मिशांचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला माणूस. कडंला कुणाचं तरी नुसतं कोपर. म्हटलं, हेच थोरले! मनुबाई म्हणाली, "आवं, इचारा की एकदा." मी तिला फौजेचा अनुभव ऐकवला.

साखरपुड्याला तुमची गाडी मागं ऱ्हायली, म्हणून पुढचं तुमी बघितलं न्हाई. पैल्या जीपमधनं त्या मिशा उतरल्या. मी हलगी वाजवायला लावली, पैला फेटा बांधला, नारळ दिला, पायाला हात लावला. तो सारखा "आवं, आवं" करत हुता. मला वाटलं, मोठा माणूस, संकोच वाटतोय. तेवढ्यात मागनं हाफ स्वेटरातले एक बारीक आजोबा आले. त्यांना मी ड्रायव्हर समजून, वाट सोडून जीप चिंचेखाली लावायला सांगितली. आन आबांनी लावली की वो! गुमान लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आन एसटीनं निघून गेले. लय वंगाळ वाटतंय, धनाजीराव. ती किल्ली अजून हाताला पोळतीया.

दुसऱ्या दिशी पल्लवीनं धा मिनटांत उलगडा केला. नावं बिघडलीच न्हवती म्हणं. जावईबापूंच्या लॅपटॉपनं ती एका पद्धतीनं लिवली हुती आन आमचा कॉम्प्युटर दुसऱ्याच पद्धतीनं वाचत हुता. तिनं झिप सोडायचं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात 'यूटीएफ-आठ' नावाची लिवायची पद्धत निवडली, आन मासे जाऊन माणसं आली. (पोरगी घरातच हुती. पर तिच्याच साखरपुड्याची यादी तिलाच इचारायची म्हंजे, असो.)

तवा चूक सगळी माझ्या अडाणीपणाची. फेटा घेऊन मी स्वतः येतो आन आबांच्या पायावर डोकं ठेवतो. तुमी फकस्त त्यांना घरात थांबवून ठेवा.

आपला शरमिंदा व्याही,
नाथाजी

ता. क. तानाजी ड्रायव्हरकडनं तो फेटा काढून घेऊ नका. सोयऱ्याधायऱ्यांत बांधून मिरवतोय, असं ऐकलं. गडी लय खूश हाय.

दुसरा ता. क. (हा आबांसमोर वाचू नका.) नावं परत आल्यावर तो मिशांचा फोटो पुन्हा बघितला. तुमी दिलेलं नाव असं हाय: "१ थोरले आबा, पैला मान". पल्लवीनं दोनदा तपासलं, नावात काय बी बिघाड न्हाई. आबा आन तानाजी जीपजवळ शेजारी उभे, तो फोटो कापताना तुमी आबांनाच कापलंत. कोपर तेवढं ऱ्हायलंय. म्हंजे मासे आले नसते तरी फेटा तानाजीलाच बसत हुता! मी कुणापाशी बोललो न्हाई, पल्लवीलाबी शपथ घातलीय. कॉम्प्युटरनं घोटाळा केला, हेच दोघांनी सांगू. रविवारी पैल्या एसटीनं येतो. आबांचा उजवा पाय मी धरतो, डावा तुमी धरा.