एका हीटरला दोन सल्ले

सॅन अँटोनिओ, ५ जानेवारी १९९४

चि. ओदिलियास पपाचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठीक, पण तुझ्या आईचा लाडका मासा गोर्दो तळाशी बसून असतो. टाकीतल्या हीटरवर आपल्या जड पाण्याचा पांढरा थर साचलाय. दिवा लागतो, पाणी मात्र गारच. काच खरवडायची भीती वाटते. दुकानदार नवा घे म्हणतो, पण हा तिनं निवडलेला.

तुझ्या आत्यालाही विचारीन म्हणतो. आईला निळा झगा घालून पुरायचं की काळा, यावरून तुम्ही दोघींनी दोन वर्षं अबोला धरलाय. मी मेलो तर मला उघडाच पुराल.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा पपा, रामिरो


दुलुथ, ११ जानेवारी

तीर्थरूप पपांस सा. न. वि. वि.

आधी हीटरची पिन काढा, पूर्ण गार होऊ द्या, मगच पाण्याबाहेर घ्या. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात बुडवा, वायरीचं टोक बाहेर ठेवा. मऊ ब्रशनं घासून नळाखाली भरपूर धुवा. साबण नको.

आत्याला विचारू नका. मी पूर्व म्हटलं की ती पश्चिम म्हणणार. विचारलंतच तर माझं नाव काढू नका. तुम्ही एकटे राहता, याची फार काळजी वाटते.

कृपा असू द्यावी.
तुमची ओदिलिया


सॅन अँटोनिओ, १९ जानेवारी

चि. ओदिलियास आत्याचे आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, तुझे पपा जिवंत आहेत. इस्पितळात ऑक्सिजनवर आहेत.

त्यानं मला विचारलं, मी म्हटलं ब्लीचमध्ये बुडव. तू व्हिनेगर सांगितलंस हे तो बोललाच नाही. त्याला तुझंही मन मोडवेना आणि माझंही. बाथरूमचं दार लावून त्यानं एकाच बादलीत दोन्ही ओतलं. त्यातून विषारी वायू सुटतो हे मला ठाऊक होतं गं, पण त्यानं सांगायला तर हवं होतं. शेजारच्या बेनितोनं दार फोडून बाहेर काढला. फुप्फुसांना फार इजा झालीय, डॉक्टर अजून खात्री देत नाहीत. गोर्दोला नवा हीटर लावलाय.

काल त्यानं खुणेनं कागद मागितला. मला वाटलं पाणी हवं असेल. त्यावर लिहिलं, ओदिलियाला ब्लीचचं सांगू नकोस, तुझ्यावर रागावेल.

म्हणून सगळं सांगितलं. लगेच नीघ, विमानतळावर मी येते. माझ्यावर थोडाफार लोभ उरला असेल तर असू दे, नसेल तर इथे येऊन भांड.

तुझी आत्या, एउलालिया