टेम्पो रिकामा येऊ नये

अमरावती,
सोमवार, १२ जानेवारी

सकाळपासून भुरभुर पाऊस. पेपर ओला आला, तो तव्यावर वाळवून वाचला. दहाला लाईट गेली. वाफ्यावर जाऊन आलो. वरण-भात केला, जेवलो. दुपारी झोपलो नाही, ताईला पत्र लिहायला बसलो.

ती. सौ. ताईस मोरेश्वरचा नमस्कार.

भाऊजींचे गुडघे या ओल्या थंडीत बोलत असतील. त्यांना तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांग (ते चोळणार नाहीत हे मला माहीत आहे, पण आपल्याकडून सांगून झालेलं बरं). तुझा खोकला कमी झाला असेल. माझी तब्येत चांगली आहे. मधे महिनाभर सर्दी होती, ती कालच गेली. तिचा विषय पुढे येईल, कारण झाल्या प्रकारात तिचा हात आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि कधी दिलंसच तर मी बोलत नाही. परवा तू म्हणालीस की संक्रांत झाली की येणाऱ्या रविवारी तुझा पियुष टेम्पो घेऊन येईल, त्यात कपाट, पलंग, देव आणि मी असं सगळं भरून अकोल्याला आणायचं, माडीवरच्या खोलीला रंगही देऊन झाला आहे. त्यावर मी ‘हं’ म्हणालो. ते होकाराचं नव्हतं. तुझं वाक्य संपलं असं वाटून म्हटलं होतं, आणि ते संपलंही नव्हतं. म्हणून आता लेखी कळवतो की मी घर सोडून येऊ शकत नाही. माझ्याकडे शेती आहे.

शेती म्हणजे दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा. आमच्या कॉलनीच्या मागे, वलगाव रोडच्या अंगाला, महादेवरावांचे प्लॉट रिकामे पडले आहेत. बांधकाम सुरू होईपर्यंत त्यांनी त्यांचे तुकडे पाडून कॉलनीतल्या लोकांना भाजीपाल्यासाठी दिले. ताराने उन्हाळ्यातच त्यांच्याकडे आपलं नाव सांगून ठेवलं होतं. मला ती बोलली नव्हती (बोलली असेल, मी ‘हं’ म्हणालो असेन). तिच्या तेरवीला महादेवराव येऊन बसले आणि निघताना चपलेत पाय घालता घालता म्हणाले, “वहिनीच्या नावाचा तुकडा हाय, आता कोणाले देऊ?” मी म्हणालो, “मला.” त्या दिवशी मी बोललेला बहुतेक तो एकच शब्द. तू दाराशीच उभी होतीस, पण आचाऱ्याशी भांडण चालू असल्याने तुला ऐकू गेलं नसावं.

मला शेतीतलं काय कळतं, हा तुझा पुढचा प्रश्न. सगळी नोकरी मी जमीन मोजण्यात काढली. जिल्ह्यातली कितीतरी वावरं माझ्या पायाखालून गेली. मात्र त्यांत काय उगवलं आहे हे बघायचं आमचं काम नव्हतं, हद्द कुठून जाते तेवढं बघायचं. त्यामुळे शेतीची निम्मी बाजू माझी पक्की होती, आणि उरलेली निम्मी काही फार अवघड नसावी असा माझा अंदाज होता. तो अजूनही आहे.

डिसेंबर लागताना महादेवरावांनी तुकडे नेमून दिले आणि अवकाळी पाऊस लागला. काळी माती ओली असताना तिच्यात उतरू नये, वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती हाताला चिकटेनाशी होईपर्यंत, थांबावं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मी गुरुवार ठरवला होता, आणि ठरलेल्या दिवशी मोजणी केली नाही असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. ऑफिसचे बूट घालून, खुंट्या आणि सुतळी घेऊन मी उतरलो. मधोमध पोचल्यावर दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत गेले आणि तिथेच राहिले. हाका मारणं माझ्या स्वभावात नाही. मी सुतळी हातात धरून, काहीतरी बघत असल्यासारखा, उभा राहिलो.

शेजारचा तुकडा पंजाबरावांचा. ते एसटीत ड्रायव्हर होते. वावर भावाच्या वाट्याला गेलं आणि ज्ञान त्यांच्या वाट्याला आलं, असं ते स्वतःच सांगतात. ते छत्री घेऊन शेंगा खात बांधावर आले आणि म्हणाले, “काहून साहेब, मोजणी चालू हाय का?” मी “हो” म्हणालो. सरकारी काम म्हटल्यावर ते अदबीने गप्प उभे राहिले. मी सुतळी ताणून धरली. त्यांचा शेंगांचा पुडा संपला. मग म्हणाले, “मोजणी झाली असंन त हात देऊ का?” त्यांनी ओढलं तसा उजवा पाय बुटासकट आला, डावा नुसता आला. तो बूट अजून तिथेच आहे. त्याच्यावर आता पालक लावला आहे, आणि तिथला पालक बाकीच्यापेक्षा बरा आहे.

वाफसा आल्यावर मी वाफे पाडले. असे सरळ वाफे त्या आवारात कुणाचे नाहीत, हे बघायला आलेले सगळे मान्य करतात. पुन्हा पाऊस आला आणि वाफ्यांत पाणी साचलं, म्हणून मी उतार काढून एक चर खणला. उतार इतका अचूक होता की सगळं पाणी रातोरात निघून गेलं. सकाळी पंजाबराव दारात. “साहेब, तुमचं पाणी रातभर आमच्या इथं मुक्कामी होतं जी. जाताना माह्या सांबाराले घेऊन गेलं.” (सांबार म्हणजे तुझी पुण्याची सून जिला कोथिंबीर म्हणते ती, हे तिला वाचून दाखवशील तेव्हा सांग.) मला फार ओशाळल्यासारखं झालं. आत गेलो, फडताळातून ताराचा धन्यांचा मोठा डबा काढला आणि त्यांना दोन मुठी धने दिले. त्याच डब्यातले मीही पेरायला घेतले. शेजारच्या बरणीतली मेथीही घेतली. बाजारातून बी कशाला आणायचं, घरात सगळं भरून ठेवलेलं असताना.

धने रगडून, दोन फाकी करून पेरायचे असतात. पोळपाटावर वाटीने रगडले. ते इतके चटकन फुटले की मला स्वतःच्या मनगटाचं कौतुक वाटलं. ओळी सुतळीत धरल्या, खोली पट्टीने मोजली. त्या आवारातली ती सगळ्यात उत्तम पेरणी असेल.

मेथी उगवली. धने उगवले नाहीत.

पुन्हा पेरले. पुन्हा नाही. मुंग्या झाल्या, चिमण्या झाल्या, कॉलनीतलं मांजर झालं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पण मला मोठा आधार होता तो पंजाबरावांचा. त्यांच्याही वाफ्यात एक कोंब नव्हता. मी विचार केला, नवख्याचं चुकू शकतं, पण ज्यांचं सगळं आयुष्य आभाळाकडे बघण्यात गेलं (एसटी चालवताना समोर बघत असतील अशी आशा आहे) त्यांचंही उगवत नाही, म्हणजे दोष हवामानाचा. पंजाबरावांनीही नेमका हाच विचार केला. ते म्हणाले, “तुमच्यासारख्या मोजून मापून करणाऱ्याचंही नाही उगवून राहिलं, म्हणजे आभायातच खोट हाय.” असे आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर महिनाभर निश्चिंत होतो. बाकीच्या सगळ्या तुकड्यांत सांबार हातभर वाढला होता, तिकडे आम्ही बघत नव्हतो.

काल तिसऱ्या पेरणीसाठी डब्याचं झाकण उघडलं आणि वास आला. सर्दी गेली होती. कच्च्या धन्यांना असा वास नसतो. एक दाणा दाताखाली धरला, कुडुम वाजला. धने भाजलेले होते.

वैशाखात ताराने ते काळ्या मसाल्यासाठी भाजून ठेवले होते. खोबरं आणि दगडफूल घेऊन तू येणार होतीस, दर उन्हाळ्यात येतेस तशी. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि डबा तसाच फडताळात गेला. मी दोनदा पेरले ते हे. डब्यात निम्मे उरले आहेत. मी झाकण लावलं आणि डबा परत जागेवर ठेवला.

तरी यातून एक गोष्ट सिद्ध होते. माझी खोली, अंतर, ओल यांत काही चुकलं नव्हतं. बी जिवंत नव्हतं, एवढंच. तेव्हा शेतीचं माझं उत्तम चाललं आहे, काळजीचं कारण नाही, आणि मेथी काढणीला आलेली असताना गाव सोडणं शक्य नाही. माडीवरची खोली रिकामी राहते म्हणून वाईट वाटत असेल तर तिथे कांदे पसरावेत. हवा खेळती आहे, टिकतील.

भाऊजींना नमस्कार, पियुषला आशीर्वाद.

तुझा,
मोरू

ता. क. पियुषने टेम्पो ठरवून टाकला असेल तर आता मोडू नये, माणसं नाराज होतात. अकोल्याहून निघून तो बोरगावला तुमच्या गोठ्यावरून येऊ दे. कुजलेलं शेणखत जेवढं मावेल तेवढं. ओलं नको. टेम्पो इकडे रिकामा येऊ नये, आणि परत जाताना रिकामाच जाईल, हे पियुषला आधी सांगून ठेव.

ता. क. २. धन्यांचं पंजाबरावांना आज सकाळी सांगितलं. हिंमत लागली. त्यांनी वाफ्यातली चिमूटभर माती उचलून हुंगली. मग म्हणाले, “मी त म्हणतच होतो, बियाण्यात खोट हाय.” थोडं चालून गेल्यावर परत आले आणि म्हणाले, “वहिनीच्या हातचा मसाला मातीत पडेल हाय साहेब, आता तिथं वांगे लावा.” रोपं तेच आणून देणार आहेत. लावीन म्हणतो.

ता. क. ३. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी एक जागा असते. भाऊजींची दोन दिवस सोय होत असेल तर तू त्या जागेवर बसून ये. येताना खोबरं आण, दगडफूल आण, आणखी जे लागतं ते आण. धन्यांनंतर काय काय घालायचं ते मला माहीत नाही, मी तिला कधी विचारलं नाही. पावसाळी हवेत कुणी मसाला करत नाही हे मला कळतं, पण ऊन पडेल. यंदा घरात सण करायचा नाही, हेही खरं. मसाला हा काही सण नाही. उरलेल्या धन्यांना मी हात लावलेला नाही.

लाईट आली. मेथीची पहिली जुडी सकाळीच आणून ठेवली आहे. आता वाळवलेला पेपर पसरतो आणि निवडायला बसतो.