फ्योर्डला निघालेला दिवाणखाना

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा दांडगी आहे, पण हल्ली एकदा वाकलो की परत सरळ कधी व्हायचं हे माझी कंबर ठरवते. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या, मनाने मात्र पूर्ण आडवा होऊन केलेला नमस्कार गोड मानून घे. गुडघा कसा आहे तुझा? तो जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलंच नाहीस, आणि मी इथे चारचौघांना ‘उतरताना’ असं ठामपणे सांगून बसलोय. दाजींनी कानाचं यंत्र घेतलं हे उत्तम झालं. ते दिवसभर डबीतच पडून असतं ही तुझी तक्रार वाचली. पण अक्का, चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला यंत्र कधी लावायचं आणि कधी नाही हे बरोबर कळतं. त्यात आपण पडू नये.

आम्ही तिघं ठीक आहोत. तुझ्या भावजयीला कवळ्यांच्या कामातून मान वर करायला फुरसत नाही. दंतवैद्य साचे पाठवतात, ही त्यात दात बसवते आणि वाळायला जेवणाच्या टेबलावर ठेवते, त्यामुळे आम्ही जेवत असताना चार-पाच अनोळखी माणसं आमच्याकडे बघून हसत असतात. मी अजून बस आगाराच्या वेळापत्रक खात्यातच आहे. सव्वीस वर्षं झाली. लोक म्हणतात तुमचं वेळापत्रक चुकतं. वेळापत्रक कधीच चुकत नाही गं, चुकतात त्या बसगाड्या. आणि आमच्या लेकीला, आपल्या चिमणीला, सोळा पूर्ण झाली. (तिला चिमणी म्हणायचं नाही असा घरात हुकूम निघाला आहे, पण पत्र तुला आहे, तेव्हा चालतं.) तिची भाषा आता तीन शब्दांवर आली आहे: ‘बघू’, ‘ठीके’ आणि ‘काय’. यातला ‘काय’ हा प्रश्न नसून तक्रार असते. जेवायला ये म्हटलं तर ‘काय’. झोपायला जा म्हटलं तरी ‘काय’.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या खात्यात टायरवाल्यांनी दिलेलं एक कॅलेंडर आहे. त्यातल्या जूनच्या पानावर फ्योर्डचं चित्र होतं. फ्योर्ड म्हणजे काय, तर दोन उंच डोंगरांच्या मधून समुद्र गल्लीत घुसावा तसा कोसन् कोस आत घुसलेला असतो, आणि त्या गल्लीतून हे भलंमोठं पांढरं जहाज चाललेलं. मला ते चित्र इतकं आवडलं की मी पानच उलटलं नाही. परिणामी आमच्या खात्यात तीन महिने जूनच चालू होता, आणि सुट्टीच्या जादा गाड्या शाळा सुरू झाल्यानंतरही धावत राहिल्या. साहेबांनी विचारलं तेव्हा मी ‘प्रवाशांची मागणी’ असं उत्तर दिलं. त्या गाड्यांत प्रवासी नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पण अक्का, खरं कारण चित्र नव्हतं. खरं कारण म्हणजे वसतिगृहाचा अर्ज. पुढच्या वर्षी पोरगी शिकायला दूरच्या शहरात जाणार. त्या अर्जावर सही करताना माझ्यातला वेळापत्रकवाला जागा झाला. शाळा, शिकवण्या, मैत्रिणी आणि तोंड फुगवून बसण्याचे दिवस वजा जाता तिच्याबरोबर आपली जेवणं उरली किती, हा हिशोब मी कागदाच्या मागच्या बाजूला मांडला. उत्तर आलं एकशे बारा. त्यातली फोनकडे न बघता होतील अशी अकरा. मी पुन्हा मांडलं. अकराच. तेव्हा मला त्या जहाजाची आठवण झाली, कारण जहाजाचा एक मोठा गुण म्हणजे त्यावरून माणूस मध्येच उठून मैत्रिणीकडे जाऊ शकत नाही.

जेवताना मी घोषणा केली: येत्या उन्हाळ्यात दहा दिवस फ्योर्डची सफर. तुझी भावजय म्हणाली, तिकडे थंडी असेल ना. चिमणी म्हणाली, “बघू.” माझ्या मते ‘बघू’ म्हणजे होकार. (तुझ्या भावजयीच्या मते ‘बघू’ म्हणजे नकारच, फक्त तो सांगायचा कंटाळा.) मी दुसऱ्याच दिवशी कपाटाच्या दारावर सफरीच्या तयारीचा तक्ता लावला.

मग आम्ही प्रवास कंपनीत गेलो. तिथल्या बाईंच्या टेबलावर हातभर लांबीचं प्लास्टिकचं जहाज होतं. बाईंनी डब्याचं झाकण काढावं तसा जहाजाचा वरचा मजला काढला आणि आतल्या खोल्या दाखवल्या. त्या जहाजावर अकरा खाणावळी, दोन पोहण्याचे तलाव (समुद्रात!), एक कृत्रिम डोंगर (दोन्ही बाजूंना खरे डोंगर असताना!) आणि पाच-पाच मिनिटांचे फ्योर्डचे चित्रपट दाखवणारं एक थिएटर आहे. म्हणजे एवढं सगळं उरकून कुणाला वेळ मिळालाच तर त्याने बाहेर येऊन फ्योर्डही बघावा, अशी सोय. खोल्या तीन प्रकारच्या: बाल्कनीवाली, खिडकीवाली आणि आतली. आतलीत खिडकी नसते, खिडकीचं चित्र असतं. मी ताबडतोब आतली पसंत केली. माझं म्हणणं साधं होतं, खोलीतून समुद्र दिसला तर पोरगी डेकवर कशाला येईल आपल्याबरोबर? भावजयीने विचारलं, “आणि मी काय बघू?” मी म्हटलं, दार. त्यानंतर घरी पोचेपर्यंत ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती.

बाईंनी मग चिमणीकडे वळून विचारलं, तुला काही विचारायचंय का बाळा? ‘बाळा’ ऐकून मी डोळेच मिटून घेतले. पण पोरगी पुढे सरकली आणि तिने विचारलं, “उन्हाळ्यात तिकडे अंधार पडतच नाही, हे खरं का?” बाई म्हणाल्या, अगदी खरं, रात्रभर उजेड. चिमणीने एकदा माझ्याकडे बघितलं. “म्हणजे बाबा चोवीस तास काहीतरी दाखवत बसणार.” बाई इतक्या हसल्या की जहाजाचा वरचा मजला त्यांच्या हातून खाली पडला.

आता अक्का, तू म्हणशील की मी उतावळा आहे. मी सावध आहे. नवी बस रस्त्यावर आणण्याआधी आम्ही ती रिकामी फिरवून बघतो. त्याच न्यायाने मी ठरवलं की एक रविवार घरातच केबिनमध्ये राहून बघायचं. प्रवास कंपनीकडून आतल्या खोलीची मापं आणली, आगारातली पोलादी टेप आणली, सोफा ढकलून बाहेरच्या बोळात काढला आणि दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने केबिन आखली. साडेपाच पावलं लांब, साडेतीन रुंद. दोन गाद्या खाली, तिसरी वरची म्हणून स्टुलांवर फळी टाकून. दार कुठे, कपाट कुठे, सगळं लिहिलं. खडूच्या रेषेबाहेर समुद्र. न्हाणीघराकडे जायला वर्तमानपत्रांचा पूल. सकाळी आठला तिघांनी जहाजावर चढायचं, संध्याकाळी आठला उतरायचं. भावजय सहा कवळ्या घेऊन चढली (“काम थांबत नाही,” म्हणाली). चिमणी फोन घेऊन आली आणि फळीवर आडवी झाली. पहिला तास इतका शांततेत गेला की मी मनाशी म्हटलं, जमलं.

साडेनऊला शेजारच्या काकू आमची इस्त्री परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी काय बघितलं? फरशीवर खडूची चौकट, चौकटीत दोन माणसं आडवी, तिसरी मांडीवर दात घेऊन बसलेली. “अगंबाई, कोण गेलं?” चिमणी वरून म्हणाली, “अजून कोणी नाही, काकू.” काकू इस्त्री समुद्रात ठेवून निघून गेल्या, आणि दुपारपर्यंत आख्ख्या इमारतीतून चौकशीचे फोन येत राहिले.

पण बिनसलं ते त्यानंतर. दहाच्या सुमारास मी वेळापत्रक काढलं. सफरीच्या दहाही दिवसांचं मी करून ठेवलं होतं, अक्का, आणि स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण सव्वीस वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. मी मोठ्याने वाचू लागलो. दिवस तिसरा. साडेपाच, उठणे. पावणेसहा, डेकवर मोकळेपणाने गप्पा (विषय: मैत्री, भविष्य). सव्वासहा ते साडेसहा, आईवडिलांना मनातलं सांगणे. साडेसहा, नाश्ता. इथवर आलो आणि फळी कुरकुरली. चिमणी खाली उतरली.

“बाबा, मला दहा दिवस तुझ्याबरोबर राहायला काही प्रॉब्लेम नाहीये,” ती म्हणाली. गेल्या दोन वर्षांतलं तिचं सगळ्यांत लांब वाक्य. मी आनंदाने काही बोलणार, इतक्यात दुसरं आलं. “पण मला दहा दिवस तुझ्या वेळापत्रकात नाही राहायचं. मी बस नाहीये.” आणि ती गेली. दारातूनही नाही. सरळ भिंतीतून, कपाटावर पाय देऊन, समुद्रातून चालत आपल्या खोलीत.

मी त्या केबिनमध्ये बसून राहिलो. खरं सांगतो, आपण बोट लागलेल्या माणसांना हसतो, पण मला त्या दिवशी कोरड्या फरशीवर बोट लागली. भावजय कानशीने एक दाढ घासत होती. न बघताच म्हणाली, “मागच्या आठवड्यात विचारत होती मला. बाबा माझ्याशी वेळ ठरवूनच का बोलतो म्हणून.” मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? ती म्हणाली, “म्हटलं, न ठरवता बोलायची त्याला भीती वाटते.” दाजींचं यंत्र माझ्याकडे असतं तर मी ते काढून डबीत ठेवलं असतं.

दुपारी चिमणी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि शेंगा ओढल्या. विषय ठरलेला नव्हता, त्यामुळे वीसेक मिनिटं आम्ही दोघंही गप्प होतो. (ती वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. तीनदा जिभेवर ‘भविष्य’ आलं होतं, तिन्ही वेळा मटाराचा दाणा तोंडात टाकला.) मग ती आपणहून म्हणाली, “ती केबिन केवढी आहे रे?” मी सांगितलं. ती उठली, वसतिगृहाचा कागद घेऊन आली. तिथली खोली नेमकी तेवढीच निघाली, आणि तिथेही तिघी. मग तिने टेप घेतली, आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मोजलं, आणि ती त्या चौकटीत जाऊन आडवी झाली. वर बघत म्हणाली, “मला झोप लागेल का रे तिथे? अनोळखी दोघी असणार.” अक्का, मी तिला धीर देणारी सात कारणं सांगू शकलो असतो. पण मी नुसताच शेजारच्या गादीवर आडवा झालो आणि म्हटलं, मला माहीत नाही गं. मलाही तू गेल्यावर इथे लागेल की नाही, माहीत नाही. ती हसली आणि म्हणाली, “तू तर आत्ताच पेंगतोयस.” आणि खरंच, अक्का, मला डोळा लागला. उठलो तेव्हा चार वाजले होते आणि ती तिथेच होती. फोन बघत होती, पण तिथेच होती.

संध्याकाळी तिने होकार दिला. ‘बघू’ नाही, चक्क ‘हो’. अट एकच: जहाजावर वेळापत्रक नाही. मी तसं लिहून दिलं आणि भावजयीने साक्षीदार म्हणून सही केली. सोमवारी जाऊन खिडकीवाली खोली पक्की केली. तुझा भाऊ आता बदललेला माणूस आहे, अक्का. उठावं तेव्हा उठेन, दिसेल तो धबधबा बघेन. सव्वीस वर्षं वेळेला बांधून घेतलेला माणूस दहा दिवस वाऱ्यावर सोडला जाणार आहे, आणि त्याला त्याची अजिबात भीती नाही.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा

ता. क. : मी ते वेळापत्रक फाडून टाकलं, हे वर लिहायचं राहिलं. चिमणीच्या देखत फाडलं. चार तुकडे केले.

ता. क. दुसरं : त्याची दुसरी प्रत सोबत जोडली आहे. घाबरू नकोस, आता फार सैल केलंय, एकूण एक्केचाळीसच कलमं उरली आहेत. तर हे पत्र लिहिण्याचं कारण असं की, तू ती तुझ्या अक्षरात उतरवून ‘आत्याच्या काही सूचना’ म्हणून तिच्या नावाने पाठवून दे. ती माझं ऐकत नाही, पण तुझं ऐकते. ‘सव्वासहा ते साडेसहा’ असं मात्र लिहू नकोस, ‘सकाळी सवड काढून’ असं लिही, म्हणजे संशय येणार नाही. गुरुवारपर्यंत टपालात पडलं तर शनिवारी इथे पोचेल.

ता. क. तिसरं : आत्या, हे मी लिहितेय. बाबाने पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरला. (मला वाटतं, विसरला. आई म्हणते, तो काहीही विसरत नाही.) तू वेळापत्रक शोधू नकोस, ते मी काढून घेतलंय. चाळीस कलमं खोडली. एक ठेवलंय. चौथा दिवस, पहाटे पाच, डेकवर, फक्त मी आणि तो. त्याच्यापुढे त्याने कंसात लिहिलंय, ‘काही बोललो नाही तरी चालेल.’ मी जाणार आहे. पण त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर तो मला पावणेपाचला उठवेल.