फणस कशाला दिलात, आबा?

आबा,

वर काय लिहावं यातच माझा अर्धा तास गेला. तीर्थरूप लिहिलं तर तुम्ही ओसरीवरच बसलाय असं वाटतं, कैलासवासी लिहायला घेतलं तर हात थांबतो. म्हणून नुसतं आबा. सासरे असलात तरी लग्न होऊन आल्यापासून मी तेच म्हणत आले.

आजच पत्र का? तर काल कोतवाल सांगून गेला; आता उद्या दुपारी तलाठी मॅडम पाहणीला येणार. कसली पाहणी? निराधार पेन्शनच्या अर्जाची. कोणाचा अर्ज? माझा! होय आबा, तुमच्या या धडधाकट सुनेचा.

आणि सकाळपासून मी काय केलं असेल, सांगा बरं? अंगण झाडलं. ओटा घासला. फडताळातून त्या निळ्या फुलांच्या कपबशा काढल्या, बंगल्याच्या शेठनी तुम्हाला दिवाळीला दिलेल्या. त्यातली एक पुसताना हातातून सटकली आणि फुटली, तेव्हा कुठं माझं डोकं ताळ्यावर आलं. अगं बये, हात चालत नाहीत म्हणून अर्ज केलास ना? मग हे घासून-पुसून कोणाला दाखवतेस?

तेव्हा तुमचा असा राग आला म्हणून सांगू! हे दुखणं तुमच्याकडून आलंय मला. संधिवात नव्हे, तो माझा मला झालाय. पाहुणा दिसला की उठायचं दुखणं म्हणते मी.

मळवलीच्या त्या बंगल्यावर जन्म काढलात तुम्ही. हॉर्न वाजला की फाटक उघडायचं, डिकीतल्या बॅगा खांद्यावर घ्यायच्या आणि हसून म्हणायचं, "या सायेब, प्रवास बरा झाला न्हवं?" पाहुणे शनिवारी यायचे, म्हणून शुक्रवारी गच्चीवरची टाकी धुवायला चढलात आणि शिडीवरून खाली आलात. कंबर गेली ती गेलीच. शेठ बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला आले आणि तुमच्या जागी दुसरा माणूस ठेवल्याचं सांगून गेले. त्यावर अंथरुणातून तुम्ही काय विचारावं? "नव्या मानसाला मोटर दावली का? तिचा खटका उलटा हाय." मी आत डोक्याला हात लावून बसले होते.

मग आपली यात्रा सुरू झाली. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो. वडगावच्या कचेरीत एका खिडकीवरचा दुसरीकडे धाडायचा आणि दुसरीवरचा जेवायला गेलेला असायचा. हे सगळं मी सोसलं. तुम्हाला सोसणं मात्र जड गेलं, आबा!

अपंगाच्या दाखल्याला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो तो दिवस आठवतो? गाडीतून तुम्हाला उतरवायला दोन माणसं लागली. रांगेत तुम्ही भिंतीला टेकून घामाघूम झाला होतात. आत डॉक्टर म्हणाले, "आजोबा, पुढं वाका बघू." आणि तुम्ही वाकलात! घरी चप्पल चढवायला मला हाक मारणारे तुम्ही, खालचा ओठ दातात धरून बोटं थेट पायाच्या अंगठ्याला टेकवलीत! डॉक्टर म्हणाले, "वा." वा म्हणाले, आबा! त्यानंतर अपंगत्वाचे टक्के कमी नाही पडणार तर काय?

बाहेर आल्यावर स्टँडच्या बाकावर तुम्ही आडवे झालात ते तासभर उठला नाहीत. मी विचारलं, वाकलात कशाला? तर म्हणे, "येवढा शिकलेला मानूस वाका म्हनतोय, त्याला न्हाई कसं म्हनायचं गं?"

मी कपाळ बडवून घ्यायचंच काय ते बाकी होतं.

दुसऱ्या खेपेला मी तुमच्याबरोबर आत शिरले, एक्स-रे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि तुमच्या आधी मीच बोलत सुटले. दाखला मिळाला. मला वाटलं, सुटलो. आता एकच उरलं होतं, तलाठी भाऊसाहेबांची पाहणी. आदल्या दिवशी तुम्हाला शंभरदा बजावलं. आबा, खुर्चीतून हलायचं नाही. काठी हाताशी ठेवायची. पट्टा सदऱ्यावरून दिसू द्यायचा. तुम्ही आपले व्हय व्हय करत होतात.

भाऊसाहेबांची मोटरसायकल दारात वाजली आणि माझ्या डोळ्यादेखत तुम्ही उठलात! पट्टा सदऱ्याच्या आत, काठी दाराआड, आणि तुम्ही अंगणात. त्यांच्या हातातली बॅग काढून घेतलीत. "या भाऊसायेब, प्रवास बरा झाला न्हवं?" वडगावहून आला होता तो माणूस, काय अमेरिकेतून नव्हे! स्वतःची खुर्ची त्यांना दिलीत. चहा झाला. भाऊसाहेब बिचारे भले होते, जाता जाता म्हणालेसुद्धा, "आबा, तब्येत कशी काय?" तुम्ही छाती पुढं काढून म्हणालात, "एकदम बेस."

एवढ्यावर तरी थांबावं! पण नाही. पाहुणा रिकाम्या हातानं जाईल कसा? परसातल्या झाडाचा फणस तोडलात, पोटाशी धरून आणलात आणि सुतळीनं त्यांच्या गाडीला स्वतः बांधून दिलात. मी दारात उभी, पदराचा बोळा तोंडात. कामाला असमर्थ असल्याचा अर्ज केलेला माणूस, आणि उचलतोय काय, तर बैलाच्या डोक्याएवढा फणस!

अहवालात आलं, अर्जदार चालता-फिरता आहे. त्यांची काय चूक? डोळ्यांनी दिसलं ते त्यांनी लिहिलं. तुम्ही पुढचे चार दिवस पाठीवर पडून होतात, ते पाहायला भाऊसाहेब थोडेच थांबले होते?

अर्ज फेटाळल्याचं कळलं त्या दिवशी मी जे बोलले ते आजही कानात आहे. "तुमच्यानं धड आजारीसुद्धा पडवत नाही का?" सून असून म्हणाले. तुमच्या कारभारीण, आपल्या आत्याबाई, चुलीपाशी होत्या, त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. तुम्ही ताटातली भाकरी तशीच ठेवून हात धुतलात. तुम्हाला राग यायला हवा होता, आबा. मला चार शब्द सुनावायला हवे होते. मी ऐकून घेतलं असतं.

आम्ही पुन्हा अर्ज केला. पुन्हा भाऊसाहेब आले. आणि या खेपेला तुम्ही खुर्चीतून हललाच नाहीत! बसल्या जागेवरून हात जोडलेत, तेही अर्धेच. चहा आत्याबाईंनी दिला. पाच मिनिटांत पाहणी उरकली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी आनंदानं टाळीच वाजवली. "आबा, जमलं की तुम्हाला!"

तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "उटायला गेलतो गं. उटवलं न्हाई."

ती टाळी मी कुठं नेऊन ठेवू, सांगा!

मंजुरीचा कागद आला तेव्हा तुम्ही मला तो मोठ्यानं वाचायला लावलात. अर्जदार कोणतेही काम करण्यास असमर्थ आहे. "परत वाच." परत वाचलं. "ह्ये माज्याबद्दल लिवलंय व्हय?" म्हणालात आणि भिंतीकडं कूस वळवलीत. मला तेव्हा तुमचं काही म्हणजे काही कळलं नाही. एवढे खेटे घालून मिळालेला कागद, आणि तोंड फिरवता? किती चिडले मी मनातल्या मनात! भाताची कापणी व्हायच्या आत तुम्ही गेलात. तो कागद अजून पत्र्याच्या पेटीत आहे.

आता माझं ऐका. लोणावळ्याच्या हॉटेलात मी चादरी धुते-पिळते हे तुम्हाला ठाऊकच होतं. बोटं तेव्हाच सुजायची, पण तुमच्या कंबरेपुढं माझ्या बोटांचं काय सांगायचं! मग ती वाकडी झाली. पीठ मळवेना, ब्लाउजचं बटण लागेना. मॅनेजर म्हणाले, "ताई, थोडे दिवस घरी आराम करा." थोडे दिवस म्हणजे किती, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तुमचा लेक गवंड्याच्या हाताखाली जातो, पण काम रोज कुठलं मिळायला? माझ्या गोळ्या, आत्याबाईंची मोतीबिंदूची तारीख, सगळं या एका अर्जावर येऊन थांबलंय. तो नामंजूर झाला तर पहिल्यांदा माझ्या गोळ्या बंद होतील. घरात तसं कोणी बोललेलं नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

आणि तरी मी काय करतेय, पाहा! दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मूठ वळते का?" मी म्हटलं, "तशी वळते." तशी! कशी? सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसल्यावर, डोळ्यातून पाणी आल्यावर वळते, हे सांगायला जीभ झडली होती का माझी? सेतू केंद्रात अंगठ्याचं मशीन माझा अंगठा घेईना, धुण्याच्या पावडरच्या पाण्यानं रेघाच पुसल्या गेल्यात, तर मीच त्या पोराला म्हणते, "सॉरी हं, तुम्हाला त्रास." त्रास त्याला!

सॉरी कसली म्हणत होते मी, आबा? तुम्ही कसली म्हणत होतात? चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बॅगा उचलून, शिडीवरून पडला नसतात तरी कंबर झिजलीच असती की. मागायला गेलो की चोरी केल्यासारखं का होतं आपल्याला? आणि "मला होत नाही" एवढी तीन शब्दांची गोष्ट तोंडातून निघायला बैल का जुंपावे लागतात?

हे पत्र लिहायला मला आजची सगळी दुपार लागलीय. पेनला चिंधी गुंडाळून मुठीत धरलंय, चार ओळी झाल्या की थांबते. माहेरी इंदुरीच्या शाळेत माझं अक्षर फळ्यावर सुविचार लिहायला घ्यायचे, आता कोंबडीनं उकरल्यासारखं दिसतं. आणि गंमत बघा, हे उद्या मॅडमच्या हाती लागलं तर म्हणतील, बाई तर छान लिहिते! म्हणून ते तुमच्या पेटीत, त्या कागदाखाली ठेवणार आहे.

मघाशी कपबशीचे तुकडे गोळा करत होते तर आत्याबाई आल्या. माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. तुमची खुर्ची ओसरीवर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या हितं बसायचं. मॅडम येऊ दे न्हाईतर कलेक्टर येऊ दे."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही उभ्या आणि मी खुर्चीत? लोक काय म्हणतील?" आबा, तुमच्यासमोर मी कधी पाटावरसुद्धा बसले नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "च्या म्या करीन. त्येंना बसायला न्हाई जमलं, तू तरी बस."

बसवून पाहिलं त्यांनी मला, आत्ता, तालीम म्हणून. खुर्चीचा उजवा हात तुमच्या तळव्यानं गुळगुळीत झालाय. दर वेळी उठायला तिथंच जोर लावत होतात ना?

तर आबा, शब्द देते. उद्या गाडीचा आवाज आला की मी त्या हातावर हात ठेवीन आणि जोर लावणार नाही. मॅडमला बसल्या जागेवरून या म्हणेन. तब्येत कशी विचारलं तर बेस म्हणणार नाही. मूठ वळत नाही म्हणेन, आणि न वळलेली मूठ समोर धरीन. फणस झाडाला लागलेत यंदाही, ते झाडालाच राहतील. आणि माझ्याबद्दल तसा कागद आला तर तो मी मोठ्यानं वाचीन आणि भिंतीकडं तोंड फिरवणार नाही.

उठायला जमत असताना बसून दाखवीन, आबा. तुमच्यासारखी वेळ येईपर्यंत थांबणार नाही.

तुमच्या खुर्चीतून,
तुमची सून
शालन