बंद घरासमोरचा गतिरोधक

कोल्हापूर,
बुधवार, १२ नोव्हेंबर २००३

ती. बाळाबाई आत्तींना,

संघप्रियाचा सविनय जय भीम. तुमचे गुडघे (दोन्ही, की अजून डावाच?) बरे असतील आणि मामांनी तंबाखू सोडली असेल, किंवा निदान सोडल्याचे तुम्हाला सांगितले असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व ठीक. अपवाद खाली दिले आहेत.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "काय झालंय ते सरळ सांग." मी सांगू लागले आणि दुसऱ्या वाक्याला तुम्ही फोन ठेवलात. म्हणून लिहून पाठवते. पत्र मध्येच ठेवता येत नाही (फाडता येते, पण तेही कृपया शेवटपर्यंत वाचून).

घडले ते असे:

१. मे महिन्यात तानाबाईंच्या सांडग्यांवरून एक मोटारसायकल गेली.
२. नवजीवन कॉलनी रहिवासी संघाने एक गतिरोधक मंजूर केला.
३. सात झाले.
४. २९ ऑक्टोबरला माझ्या गाडीचा सायलेन्सर पडला.
५. म्हैस मागे लागली.
६. दीक्षा माहेरी बाळंतपणाला आली आहे, तिला नववा लागला आहे, आणि कॉलनीत रिक्षा येत नाही.

आता सविस्तर. आपला रस्ता दोनशे बारा मीटर लांब आहे आणि आमच्या घरापाशी संपतो. त्यामुळे वेगाने आलेल्या माणसाला पुढे जायला जागा नाही. त्याला परत फिरावेच लागते. तो मोटारसायकलवाला तसा फिरला, म्हणून सांडगे दोनदा चिरडले गेले. तानाबाईंचे म्हणणे, पहिल्या वेळी त्या गप्प बसल्या असत्या. संघाचे अध्यक्ष गणपतराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले असल्याने वाहतुकीविषयी त्यांना कोणी काही सांगायचे नसते. त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्या घरी बैठक बोलावली. मला संघाने तांत्रिक सल्लागार नेमले आहे. (शिरोलीच्या फौंड्रीत मी दिवसभर ओतीव भाग ड्रॉइंगपेक्षा किती चुकला हे मोजते. संघात ड्रॉइंग मीच काढते आणि चूकही मीच मोजते.) मी एका गतिरोधकाचे ड्रॉइंग नेले होते: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी तीन मीटर सत्तर, चढ-उतार सौम्य, जागा रस्त्याच्या बरोबर मध्यावर. सर्वांनी ते पाहून फार छान आहे म्हटले आणि चहाच्या कपाखाली ठेवले.

मग तानाबाई म्हणाल्या, सांडगे त्यांचे, तर गतिरोधक त्यांच्याच दारात हवा. गणपतरावांनी विचारले, "हितं नको म्हणणारं कोण हाय?" कोणीच नव्हते. आपल्या कॉलनीत माणसाच्या पाठीमागे काय वाटेल ते बोलतात, पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, कारण रात्री विरजण त्याच्याकडेच मागायचे असते. त्यानंतर गणपतराव म्हणाले, अध्यक्षाच्या दारात नसला तर बरे दिसणार नाही. पुन्हा कोणाचाच विरोध नव्हता. तानाबाईंच्या समोरचे गृहस्थ उठले, "मग आमी काय भाड्यानं ऱ्हातोय व्हय?" त्यांचाही झाला. सहावा बाबांनी मागितला. मी बाबांकडे पाहिले. बाबा पंख्याकडे पाहत होते.

सहा झाल्यावर गणपतरावांचा फोन वाजला. तो कुरुंदवाडहून तुमचा होता. (तुम्हाला बातमी कोणी दिली हे अजून कळलेले नाही.) रिसीव्हर गणपतरावांच्या कानाला होता, तरी सतरा घरांच्या प्रतिनिधींनी सगळे ऐकले: "घर बंद हाय म्हंजे मी मेले काय? माझ्या दारातबी पायजे!" तुमच्याबद्दल संघात किती आदर आहे हे मला त्या दिवशी कळले. ठराव उभ्याने मंजूर झाला.

गवंड्याने माझे ड्रॉइंग पाहिले नाही, कारण गणपतरावांनी त्याला एका वाक्यात सांगितले होते, "दिसाय पायजे की." मी नंतर सरळ पट्टी आणि स्केल घेऊन सातही मोजले. पाच गतिरोधक एकोणीस ते साडेवीस सेंटिमीटर उंच भरले. तुमचा आणि बाबांचा सारखाच, बावीस. ९ जूनला तुम्ही घर बघायला आलात आणि जाताना आपल्या गतिरोधकावर एक थर वाढवून गेलात: तेवीस. ११ जूनला बाबांचा साडेतेवीस झाला. सुरुवात कोणी केली याविषयी माझे काही मत नाही, मी फक्त तारखा देते आहे. तेव्हापासून तुम्ही दोघे बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाही आणि दोन्हीकडचे बोलणे माझ्यामार्फत जाते. मी ते गाळत नाही, पण दाब थोडा कमी करते.

ज्याच्यासाठी हे सगळे केले तो मोटारसायकलवाला पुन्हा आला नाही. तो गणपतरावांचा जावई होता असे ऑगस्टमध्ये कळले. आता मुलगीही येत नाही.

आता म्हशीचे. तुमच्या घरासमोर, रस्त्याच्या तोंडाशी, पिराजींचा गोठा आहे. त्यांच्या गजरा म्हशीला यंदाच्या दिवाळी पाडव्याला शिंगे रंगवून, कपाळावर मोरपिसे बांधून, सायलेन्सर काढलेल्या राजदूत मोटारसायकलमागे पळवले. ही हौस तुम्हाला नवी नाही (मामांनाही लग्नाआधी हाच नाद होता, असे बाबा सांगतात, लग्नानंतर काय झाले ते सांगत नाहीत). वर्षभर मेहनत घेतलेली म्हैस गाडी ओळखत नाही, माणूस ओळखत नाही, फक्त आवाज ओळखते. राजदूत टू-स्ट्रोक आहे आणि मी कामावर नेते ती बाबांची एम-एटीही टू-स्ट्रोक आहे. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

२९ तारखेला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी एम-एटीवर निघाले. कामावर जाण्याआधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गतिरोधक काढण्याचा अर्ज द्यायचा होता. (याआधी तीनदा गेले. ज्युनियर इंजिनियर साहेब तिन्ही वेळा साइटवर होते. साइट कोणती ते शिपायालाही माहीत नव्हते.) सायलेन्सर आमच्या दारात घासला, तानाबाईंच्या दारात सैल झाला आणि तुमच्या दारात पडला. उशीर झाला होता, म्हणून तो पिशवीत घातला आणि तशीच निघाले. आवाज पाडव्याचा येत होता. गजराने दावे तोडले.

आरशात मला आधी शिंगे दिसली, एक गुलाबी आणि एक हिरवे. घाबरलेला माणूस करतो तेच मी केले, गाडी जोरात पळवली. ही चूक होती. ज्या म्हशीला गाडी जोरात गेली की जोरात पळायचे एवढेच शिकवलेले आहे, तिला मी अगदी बरोबर सूचना देत होते. मागून पिराजी बनियनवर धावत ओरडत होते, "ओ म्याडम, गाडी बंद करा की! गाडी बंद करा!" गाडीच्या आवाजात मला ते ऐकू आले नाही, त्यांनी नंतर सांगितले. रस्त्यावरच्या लोकांनी मदत केली असे म्हणता येणार नाही. त्यांनी शिट्ट्या मारल्या. एकाने तर "पाडवा झाला की वो ताई!" असे सांगितले, जे मला ठाऊक होते. एक किलोमीटर चारशे मीटरनंतर मी विभागीय कार्यालयाच्या आवारात वळले, गाडी बंद केली, आणि गजराही थांबली. ती माझ्या शेजारी उभी राहून शांतपणे रवंथ करू लागली. आम्ही दोघी अर्ज द्यायला आल्यासारख्या दिसत होतो.

साहेब त्या दिवशी साइटवर नव्हते. हातात चहा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "कुणाची हाय?" तेवढ्यात पिराजी पोचले. धाप लागलेली असताना त्यांनी पहिले वाक्य म्हटले ते असे: "साहेब, तिची काय चूक न्हाय. ह्या म्याडमनीच रेस केली." साहेब गजराभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पळती झकास की! वेत कितवं?" पिराजी म्हणाले, तिसऱ्यांदा व्यायली आहे. मग दूध, पेंड, शिंगांची ठेवण, असे अकरा मिनिटे चालले. त्या अकरा मिनिटांत माझा अर्ज पुढे झाला, कारण साहेबांचे लक्ष म्हशीकडे होते आणि सही करायला हात मोकळा होता. शनिवार २२ तारखेला शेजारच्या गल्लीत ड्रेनेजसाठी जेसीबी येणार आहे, तो अर्ध्या दिवसात आपले सातही गतिरोधक खरवडून टाकेल. अट एकच. "सात दारांच्या सात सह्या एका कागदावर आणा. एक जरी कमी पडली तर मी एकबी काढणार न्हाय. न्हायतर उद्या चौकातल्या फळ्यावर माझ्या नावानं लिवतील."

२ नोव्हेंबरला संघाची बैठक झाली. विषय एकच होता, सह्या. पण आपला गतिरोधक आधी काढून घ्यायला कोणीच तयार नव्हते, तेव्हा त्याऐवजी कॉलनीचे नाव शहरात पोचवल्याबद्दल गजराचा सत्कार करण्यात आला. हार तिने भाषण संपण्यापूर्वी खाल्ला. गणपतरावांना ते लागले.

दीक्षाची तारीख ४ डिसेंबर आहे. डॉक्टरीणबाईंनी धक्के बसू देऊ नका म्हटले आहे, आणि रिक्षावाले तुमच्या घराच्या पुढे यायला नकार देतात. एक जण आला होता. तिसऱ्या गतिरोधकावर त्याने रिक्षा थांबवली, उतरून रिक्षाच्या खाली वाकून बघितले आणि रिव्हर्समध्ये परत गेला. ६ तारखेला, गुरुवारी, तपासणीला न्यायचे होते. मी रजा घेतली होती. दीक्षा म्हणाली, चालत जाऊ, दोनशे बारा मीटर तर आहे. पण साडेतेवीस सेंटिमीटरवर तिला पाय टाकवेना. (पायरी सतरा सेंटिमीटरची असते, आणि पायरीला पलीकडे लगेच उतार नसतो.) बाबांनी आपल्या दारात तिला हात दिला. पुढच्या दारातल्यांनी दिला. तानाबाई फाटकातून ओरडल्या, "अगं, हितंच थांबलीस तर बारसं माझ्या दारात घालू!" सगळे हसले. दीक्षाही हसली. पण पुढच्या दारापर्यंत हसणे थांबले होते, आणि त्याच्या पुढच्या दारात तानाबाई तिची फाइल धरून बरोबर चालत होत्या. प्रत्येक दारात त्या त्या घरचे माणूस बाहेर येऊन हात देत होते. कोणी कोणाला बोलावले नव्हते.

सातव्या दाराला कुलूप होते. मी हात पुढे केला, पण दीक्षाने घेतला नाही. "दमले गं. बसू दे. आत्तीच्याच दारात बसलेय की," म्हणाली आणि तुमच्या गतिरोधकावर बसली. सहा मिनिटे बसली. मी घड्याळ पाहत होते, दुसरे काही करण्यासारखे नव्हते. समोरून गजरा बघत होती. मागे सगळी कॉलनी उभी होती आणि एकही माणूस सल्ला देत नव्हता. हे मी या रस्त्यावर पहिल्यांदाच पाहिले.

त्या संध्याकाळी लोक आपण होऊन आमच्या घरी आले आणि सही करून गेले. गणपतराव शेवटी आले. म्हणाले, "जावयालाबी कळवतो." संघाच्या वहीत सहा घरांची संमती मिळाल्याची नोंद आहे.

तुमच्या घराची काळजी नसावी. छपराची दोन कौले बदलली आहेत. अंगण दर रविवारी झाडले जाते. कोण झाडते ते सांगायचे नाही असे झाडणाऱ्याने बजावले आहे (किल्ली आमच्याच घरात असते). मामांना जय भीम.

तुमची,
संघप्रिया

ता. क. १ : सोबत एक कागद आहे. सातव्या ओळीवर तुमचे नाव मी लिहिले आहे, पुढे शाईने सही करावी. तिकीट लावलेले पाकीटही जोडले आहे.

ता. क. २ : वहीतली नोंद माझ्या हातची आहे. कागदावर सह्या पाच आहेत. सहाव्या ओळीवर बाबांचे नाव आहे आणि पुढची जागा कोरी आहे. ते म्हणतात, बाळाक्का करील तर मी करीन. तुम्ही सही केलीत असे मी त्यांना परवाच सांगितले आहे, आता ते कागद बघायला मागत आहेत. ते विधान आज खरे नाही. तुमची सही झाली की खरे होईल, आणि त्यामागोमाग वहीतली नोंदही. मापात इतकी सवलत मी फौंड्रीत कोणालाच देत नाही.

ता. क. ३ : बैठकीत नाही म्हणणारे कोणी नव्हते, असे वर लिहिले आहे. तांत्रिक सल्लागार तिथेच होती. सातही वेळा तिचा हात वर होता.

ता. क. ४ : दीक्षाची पुढची तपासणी २० तारखेला आहे. ती पुन्हा चालत जाणार आहे. सह्या पुऱ्या झाल्या तर त्यानंतरच्या वेळी रिक्षा दारात येईल, आणि ती वेळ तपासणीची नसेल.

कृपया गुरुवार, २० नोव्हेंबरपर्यंत उत्तर माझ्या हाती पोचेल असे पाठवावे.