अर्धा चमचा चहा

सोलापूर, ४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. मथुराआत्यास ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

काल मामांना घेऊन तुम्ही करकंबला नीट पोचलात, हे युवराजकडून कळलं. तुला ऐकू येत नाही आणि फोन कायम त्या तुझ्या लेकाच्या खिशात, म्हणून आपलं पत्रच बरं.

वॉर्डातल्या गडबडीत धड सांगता आलं नाही, ते आता नीट वाच. लकव्यानं मामांचा गळाही गेलाय. गिळणं तपासणं हे माझं दवाखान्यातलं रोजचं काम; मी चमचाभर पाणी देऊन पाहिलं, तेव्हा ठसका लागला नाही म्हणून तू खूश झालीस. मला त्याचीच भीती वाटली. पाणी छातीत उतरलं आणि त्यांना कळलंही नाही. नंतर आवाज घरघरला, त्यावरून मी ओळखलं. तेव्हा जे द्यायचं ते नाकातल्या नळीनंच. तोंडानं थेंबही नको. दारी आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारी तू, तुला नवऱ्याच्या बाबतीत हे जड जाणार. भेटायला येणाऱ्यांच्या बिस्किटांवरही नजर ठेव.

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी, ऋतुजा


करकंब, ११ ऑगस्ट

चि. ऋतुजास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. पण येणारं माणूस माझी खरडपट्टी काढून जातं. जाऊबाई केराबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की दाल्ल्याला उपाशी मारतीस व्हय गं, नळीनं कुटं प्वाट भरतंय. युवराजचं उलट. बाप बरा होणार, ताईनं सांगितलंय तसंच करायचं, हे त्याचं पालुपद.

हे नळी उपसायला बघतात, म्हणून युवराजनं त्यांचा चांगला हात लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधलाय. तेव्हा हे रडले. यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आता तोंडात एकच शब्द उरलाय, च्या. आम्ही स्वयंपाकघरात लपून चहा पितो, पण वास लपतो का?

यांच्या अंगात ताप आहे. हे बरे होणार का, एवढं खरं सांग. होणार असतील तर मी काळजावर दगड ठेवीन.

उत्तर लगेच धाड. सुखी राहा.
आत्या


सोलापूर, १४ ऑगस्ट

ती. सौ. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून डॉक्टरांशी बोलले. मामा बरे होणार नाहीत. आता त्यांची स्वतःची लाळच छातीत उतरतेय, नळी ते थांबवू शकत नाही. मी वॉर्डात सांगितलं ते सुधारणाऱ्या माणसासाठी होतं.

हात सोडा. नळी उपसली तर परत घालायला आणू नका. उशांना टेकवून ताठ बसव, हनुवटी थोडी खाली, आणि अर्धा चमचा कोमट चहा दे. गिळला की मगच पुढचा. यानं ते लवकर जातील, हे मी आणि डॉक्टर धरूनच चाललोय. रजा मिळाली की येऊन युवराजला मीच समजावते. तोवर थांबायचं का, हे तुझं तू ठरव. कुणी बोललं तर माझं नाव सांग.

तुझ्याइतकीच रडलेय. जिवाला जप.
ऋतुजा


करकंब, २६ ऑगस्ट

चि. ऋतुजास आशीर्वाद.

परवा हे गेले, ते युवराजनं कळवलंच असेल.

मी थांबले नाही. तो रानात गेला की हात सोडायची आणि चहा द्यायची. पहिला चमचा तोंडात गेला तसं यांनी तोंड वाकडं केलं, साखर कमी म्हणून, जन्मभर करायचे तसंच. मला हसू आलं. मग छाती भरत गेली, आणि एक दिवस युवराजनं मला चमच्यासकट पाहिलं.

त्यानं विचारलं, ताईनं सांगितलं का. मी नाही म्हणाले. ती शेवटपर्यंत नको म्हणत होती, मलाच राहवलं नाही, असं सांगितलं. गावातली माणसं तुझ्या शब्दावर दवाखान्याची पायरी चढतात. तो शब्द खराब व्हायला नको. माझं काय राहिलंय? ज्या केराबाई उपाशी मारतीस म्हणाल्या, त्याच आता म्हणतात, की हिनंच च्या पाजून मारला. त्यांचं काही वाटत नाही. पण युवराज ताट बायकोकडून वाढून घेतो. मी दिलेलं पाणीसुद्धा तो ओतून टाकतो.

तू दहाव्याला येऊ नकोस. आलीस की त्याला खरं सांगशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस. आता तेवढाच आहे.
तुझी, आत्या