मल्लूच्या पोटऱ्यांतले गोळे

चैत्र व. ४, शके १८३०
मल्लू आज तालमीत बैठका मारता मारता कोसळला. पोटऱ्यांत गोळे. धाकटा भाऊ, पण अंगानं माझ्या दुप्पट. चौघांनी घरी आणला. कुस्ती अमावास्येला, खुद्द महाराजांपुढं. वस्ताद म्हणाले, "भ्यालंय पोरगं. असंच ऱ्हायलं तर दुसरा गडी उतरवीन की." आमच्या घरात भिऊन कुणी पडलेलं नाही. तळपायाची आग मस्तकात.

व. ५
कारण सापडलं. कोठा साफ करायचा म्हणून वस्तादांनी तीन दिवस एरंडेल पाजलंय. वर हे ऊन, घामाच्या धारा, खायला नुसता तूप-भात. सात वर्षं दवाखान्यात औषधं कालवतोय, एवढं मला कळतं. अंगातला पोटॅशचा क्षार वाहून गेला.

व. ६
शहाणपणा नडला. बाटलीतल्या पोटॅशची पुडी बांधत होतो, डॉ.साहेबांनी हात धरला. "कंपौंडर, भावाचं काळीज बंद पाडणार काय? जे द्यायचं ते चुलीवरनं द्या." दिवसभर मान वर केली नाही.

व. ७
शहाळी, केळी, रताळी. आमची आई, आव्वा, मेथी उकडून पाणी मोरीत ओतून देते. म्हटलं, क्षार त्यातच उतरतो, त्याचीच आमटी कर. "तुझं शाणपण दवाखान्यात. कडू जहर हाय ते," म्हणाली. केली मात्र. मल्लू नाक धरून प्याला.

व. ११
गोळे गेले. वस्तादांसमोर पाचशे बैठका, एका दमात. उतरणार मल्लूच. माझी छाती त्याच्यापेक्षा फुगलेली. वस्ताद म्हणतात, "माझ्या तुपाचा गुण." म्हणू देत. खरं काय ते आम्हा तिघांना ठाऊक.

व. १४
सकाळी वस्ताद एरंडेलाची वाटी घेऊन दारात. "उद्या कोठा हलका पायजे." मी तोंड उघडणार, तोच आव्वानं डोळे वटारले. गुरूपुढं बोलायचं नाही.
मल्लूनं वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, खाली ठेवली. "वस्ताद, कुस्ती झाल्यावर पितो. आण्णा न्हाय म्हणतोय."
वस्तादांच्या शब्दाबाहेर तो आजवर पाणीसुद्धा प्यालेला नाही. आणि आज माझं ऐकलं. डोळे भरून आले, लपवले नाहीत.
वस्ताद वाटी उचलून निघून गेले. उद्या आखाड्यात मल्लूच्या बाजूला उभे राहतात की नाही, कोण जाणे. नाहीच आले तर मी उभा राहीन. कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही.